तर

हलमध्ये, स्प्रिंग बँकवरच्या लाँड्रीत
धुण्याला अडतीस मिनिटं लागतात, सुकायला बावीस.
एका तासात माझी चोवीस पानं होतात,
चष्मा पुसत बसले तर वीस.

इथे लोक हवामान विचारतात.
ऑक्स्टबीने विचारलं, "सध्या काय वाचतेयस?"
जणू जेवलीस का.

तो स्वतः गाठींचं पुस्तक वाचत होता,
दोरीच्या एकशे चाळीस गाठी, आकृत्यांसह,
आणि प्रत्येक गाठ बुटाच्या नाडीवर मारून बघत होता.
शवान, कोपऱ्यावरचा न्हावी, टॉवेलांची दोन पोती आणतो
आणि ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेचं पुस्तक वाचतो.
मनापासून सांगतो, छान आहे,
आधी कुणी जायचं ते शेवटपर्यंत कळत नाही.
इमोजेन चौदाची. तिच्या पुस्तकात सगळे मेलेले आहेत
आणि प्रेमात. भाग तिसरा.
"पहिले दोन वाचल्याशिवाय हात लावू नका," ती बजावते.

माझं पुस्तक मिरजेच्या वाचनालयाचं,
अकरा वर्षांपूर्वी परत करायचं होतं.
मोज्यांखाली चुकून राहिलं, असं मी म्हणते.
आत निळा शिक्का, आणि कुणाची तरी पेन्सिल:
'फार रडू येते. जपून.'

"कशाबद्दल आहे?"
खाडीवर तर चालवणारी एक बाई आहे, म्हटलं.
तर म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला नेणारी होडी.
आणि गोष्ट अडली की पुढे ढकलायलाही
आमच्यात हाच शब्द आहे.
ऑक्स्टबीने नाडी सोडली.
पूल व्हायच्या आधी तो हंबरच्या फेरीवर होता,
न्यू हॉलंडच्या धक्क्याला दोरखंड फेकायचा.
"टर," तो म्हणाला. "पुढे?"

तर, असे आठ रविवार.
'माहेर' समजावताना ड्रायर पूर्ण थांबला,
नाणं टाकून पुन्हा सुरू करावा लागला.
चिखलाचं भाषांतर मात्र करावं लागलं नाही.
तिचा भाऊ बोटीवर गेला. त्याचं पत्र आलं.
तिने ते न उघडता सुट्या पैशांच्या डब्यात ठेवलं,
आणि शवान टॉवेलांच्या घड्या घालायचा थांबला.

पान दोनशे चोवीसनंतर पुन्हा दोनशे नऊ आलं.
बांधणाऱ्याने एक फॉर्मा दोनदा घातला होता
आणि शेवटचा घातलाच नव्हता.
तेव्हा कळलं, ती पेन्सिल कशासाठी रडत होती.

नवव्या रविवारी मी थाप मारली.
तिने पत्र उघडलं, भाऊ दिवाळीला परत येणार होता.
शवान म्हणाला, छान.
इमोजेन म्हणाली, एवढंच?
ऑक्स्टबी म्हणाला, "ती उघडणार नाही."
अहो, पत्र तिलाच आलं होतं.
"मग तर नाहीच. तिला वाचता येतं का?"

मी पुस्तक उघडलं. मागे गेले, आणखी मागे.
दोनशे चोवीस पानांत तिने पैसे मोजले होते,
ओहोट्या मोजल्या होत्या, माणसं मोजली होती,
एक ओळही कुठे वाचली नव्हती.
आणि मी, मराठीत बी.ए.

"माझीही अशी चार-पाच होती," तो म्हणाला,
"बिस्किटांच्या डब्यात. पूल झाला, नोकरी गेली,
तेव्हा संध्याकाळच्या वर्गाला वेळ मिळाला."
सव्वीस वर्षांचा होता.
पत्रांत काय निघालं ते आम्ही विचारलं नाही.
त्याने पुस्तकाचं पान उलटलं,
पुढची गाठ ओली दोरी असली तरच बसते, म्हणाला.
शवानचं मशीन केव्हाचं वाजत होतं.

डिसेंबरात मिरजेला जाईन, दंड भरीन.
पेन्सिलीखाली दोन ओळी लिहीन म्हणते,
काय ते अजून ठरलेलं नाही.
सध्या इमोजेनने भाग पहिला दिलाय.
एकतिसाव्या पानावर आहे,
अजून कुणी मेलेलं नाही.
रविवारी कुणी विचारलंच, तर